आउटबोर्ड होडीवरून गरी ओढताना वेग उतरवायचा कसा?

जिताडा गरवायला खाडीत होडी घालणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावलेलं आउटबोर्ड इंजिन गिअरमध्ये टाकलं, थ्रॉटल पार मिटवला, याहून हळू आता काही होणार नाही, तरी होडी तीन नॉटनं चालतेच आहे. मागचं आमिष भिरभिरत वर येतं, मध्येच आडवं पडतं आणि जिताडा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला दीड-दोन नॉट हवे असतात. थोडक्यात, इंजिनाला जे सर्वांत हळू जमतं तेच माशाला फार जोराचं वाटतं.

नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. पुढं सगळीकडे नॉटच वापरतो, कारण जीपीएसवर आणि तांडेलाच्या तोंडी तेच असतं. चालत्या होडीमागून दोरीला आमिष लावून ओढत नेणं हे ट्रोलिंग. ट्रॉलरच्या जाळ्याशी याचा काही संबंध नाही. इथे जाळं नसतंच. रॉड किंवा हातातली तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, आणि तिच्या टोकाला लूर, म्हणजे खोटं आमिष, नाहीतर जिवंत मासळी.

वेग उतरवायची गरज दरवेळी नसते, हे आधी लक्षात घ्यावं. सुरमईसाठी बाहेरच्या पाण्यात चकाकती लूर ओढायची असेल तर पाच ते सात नॉट लागतात, कुप्यासाठी त्याहून थोडे जास्तच. त्या वेगाला कुठलंही आउटबोर्ड सुखानं चालतं. मंद वेग लागतो तो जिवंत बांगडा किंवा पेडवा लावून सुरमईमागे जाताना. तिथे एक-दोन नॉटच्या वर गेलात की गरीला लावलेला मासा पोहत नाही, फरफटत येतो आणि थोड्या वेळात मरतो. तोच प्रकार खाडीतल्या जिताड्याचा, ज्याला गोव्यात चोणक म्हणतात. अमेरिकेत मिशिगन-ओहायोकडे राहणारी आणि सुट्टीला लेक ईरीवर जाणारी आपली मंडळी वॉलाय नावाच्या माशामागे असतात, त्यांचं गणितही दीड-दोन नॉटचंच. त्यामुळे या प्रश्नावरची निम्मी युक्ती तिकडच्या तळ्यांवर जन्मलेली आहे आणि तिच्यातलं सगळंच आपल्या खाडीत चालत नाही.

आयडलला एवढा वेग येतो कुठून

चाळीस हॉर्सपॉवरचं एक नेहमीचं इंजिन घेऊ. आयडलवर गिअर टाकल्यावर ते मिनिटाला ८०० च्या आसपास फेरे घेतं. खालच्या गिअरबॉक्समध्ये ते निम्मे होतात, म्हणजे पंखा मिनिटाला ४०० वेळा फिरतो. पंख्यावर १३ पिच कोरलेलं असेल, तर त्याचा अर्थ असा की लाकडात शिरणाऱ्या स्क्रूसारखा तो एका फेऱ्यात १३ इंच, म्हणजे ३३ सेंटीमीटर पुढं सरकू बघतो. ४०० फेऱ्यांचे झाले १३२ मीटर. मिनिटाला १३२ मीटर म्हणजे ताशी जवळजवळ आठ किलोमीटर, सव्वाचार नॉट. पाणी लाकडाइतकं घट्ट नसतं, पंखा घसरतो, काही भाग वाया जातो आणि हाती तीन नॉट उरतात.

दुसरी बाजू होडीची. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो: वेग दुप्पट तर विरोध चौपट. हे सूत्र उलटंही चालतं. वेग निम्मा केला की विरोध चौथ्या हिश्शावर येतो. साडेपाच-सहा मीटरची रिकामी फायबर होडी दोन नॉटला इतकी सैल असते की एक माणूस वल्ह्यानं ती चालवतो. तिला अडवणारं काही उरतच नाही आणि चाळीसाचं इंजिन कितीही मंद चाललं तरी त्या वल्ह्यापेक्षा जोरकसच ढकलतं.

म्हणून वाटा दोनच. ढकलणं कमी करा, नाहीतर अडवणं वाढवा. बाजारात मिळणारी आणि लोकांनी घरी केलेली प्रत्येक युक्ती या दोहोंपैकी एकात बसते. माझं मत आधीच सांगून टाकतो: खिशात पैसे असतील आणि दुसरं इंजिन बसवायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी, पण आहे त्याच होडीत काम भागवायचं असेल तर अडवणं वाढवावं. इंजिनाचा गळा दाबून मिळवलेला मंद वेग पुढं महागात पडतो.

तुम्ही नेमके किती वेगानं चाललात?

उपायांकडे वळण्याआधी एक घोटाळा निस्तरायला हवा, कारण कित्येकदा वेग जास्त नसतोच, मोजणं चुकलेलं असतं. जीपीएस सांगतं तो जमिनीवरचा वेग. मासा आणि लूर यांना कळतो तो पाण्यातला वेग. खाडीत हे दोन क्वचितच सारखे असतात.

समजा भरतीचं पाणी एक नॉटनं आत येतंय. तुम्ही पाण्याबरोबर आत निघालात आणि जीपीएस तीन दाखवतंय, तर लूर पाण्यातून दोननंच चालली आहे, सगळं ठीक. त्याच पट्ट्यात वळून खाडीच्या तोंडाकडे निघालात आणि पुन्हा जीपीएसवर तीन आणलेत, तर लूर आता चारनं ओढली जातेय. जाताना दोन मासे लागतात, येताना एकही नाही, आणि लोक म्हणतात, मासा खाली बसला. मासा तिथेच असतो. उलट्या फेरीत वेग दुप्पट झालेला असतो.

पाण्यातला वेग मोजायला यंत्र लागत नाही. नारळाच्या सोडणाचा सुका तुकडा घ्या, नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून, थोडा पुढं आणि बाजूला टाका, आणि तो नाळेपाशी आल्यापासून इंजिनाच्या फळीपर्यंत पोचायला किती सेकंद लागतात ते मोजा. होडी सहा मीटरची असेल तर बाराला त्या सेकंदांनी भागायचं, उत्तर नॉटमध्ये येतं. सहा सेकंद लागले तर दोन नॉट. चार लागले तर तीन. बारा लागले तर एक, आणि तेव्हा बहुतेक लूर काम करायची बंद झालेली असते. सोडण अर्धं बुडालेलं असतं, त्यामुळे वारा त्याला फारसा ढकलत नाही. थर्माकोलचा तुकडा मात्र घेऊ नका, तो वाऱ्याबरोबर पळतो.

एकदा दोन नॉटला रॉडचं टोक कसं थरथरतं आणि तंगूस पाण्यात किती तिरकी शिरते हे डोळ्यांत बसलं की पुढं सोडण टाकायचीही गरज राहत नाही. टोकाची थरथर एकसारखी असेल तर लूर नीट पोहतेय. थरथर थांबली तर वेग फार कमी झाला किंवा लुरीला शेवाळ लागलं. टोक एकाच बाजूला ताणून वाकलेलं राहिलं तर वेग जास्त.

म्हणूनच पहिला फुकटचा उपाय म्हणजे दिवस निवडणं. उधाणाच्या दिवशी खाडीच्या तोंडाशी पाण्याला अशी ओढ असते की वेगाचं गणित दर वळणावर बदलतं. अष्टमी ते दशमीच्या भांगाच्या पाण्यात, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, ते पुष्कळ स्थिर राहतं. मुंबईच्या आसपास तिथीला पाऊणनं गुणायचा जुना हिशोब चालतोच: अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. त्याच्या मागचा-पुढचा तास मंद ट्रोलिंगला सोयीचा.

इंजिनाचा गळा दाबला तर

कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनाला आयडलचा स्क्रू असतो. तो थोडा सैल करून फेरे उतरवता येतात आणि गावोगाव लोक तेच करतात. कंपनीनं दिलेल्या मर्यादेत केलं तर हरकत नाही. पण मर्यादेखाली गेलं की गिअर टाकताक्षणी इंजिन बंद पडायला लागतं, आणि ते नेमकं खडकाजवळ किंवा कोणाच्या जाळ्याच्या बोयांपाशी बंद पडतं. शिवाय बॅटरी नीट चार्ज होत नाही आणि थंड करणाऱ्या पाण्याचा पंप मंदावतो. इंजिनाच्या बाजूनं येणारी पाण्याची पिचकारी बघायची सवय ठेवावी. ती धार तुटक झाली की फेरे वाढवायचे, मासा गेला चुलीत.

टू-स्ट्रोक इंजिनाचं दुखणं आणखी निराळं. त्यात पेट्रोलमध्येच तेल मिसळलेलं असतं. मंद फेऱ्यांवर आतली उष्णता पुरत नाही, तेल पूर्ण जळत नाही आणि स्पार्क प्लगच्या टोकावर काळी ओलसर कीट बसते. तासभर असं चालवलं की इंजिन खोकायला लागतं आणि परत निघताना थ्रॉटल उघडला तर उचलतच नाही. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायची इंजिनं आपल्या किनाऱ्यावर अजून आहेत, त्यांच्यात तर हे आणखी लवकर होतं, कारण रॉकेल जळायला जास्त ऊब मागतं. अशा इंजिनावर मंद ट्रोलिंग करायचंच असेल तर तेवढा वेळ पेट्रोलवर ठेवावं, दर अर्ध्या तासानं मिनिटभर थ्रॉटल उघडून आतली घाण जाळावी आणि एक सुका प्लग व पाना डब्यात ठेवावा. प्लग बदलायला दहा मिनिटं पुरतात, पण हलत्या होडीत गरम इंजिनावर वाकून ती दहा मिनिटं फार लांब वाटतात.

फोर-स्ट्रोकला हा त्रास कमी, मात्र नाही असं नाही. फार वेळ थंड चाललं की न जळलेलं पेट्रोल खालच्या तेलात झिरपतं. तेलाची पट्टी काढून बघितली आणि पातळी आपोआप वाढलेली दिसली, तेलाला पेट्रोलचा वास आला, तर तेच झालंय. असं तेल पातळ पडतं आणि वंगणाचं काम नीट करत नाही.

नव्या इंजेक्शनवाल्या फोर-स्ट्रोकमध्ये यामाहा, सुझुकी, होंडा यांच्या बऱ्याच मॉडेलांना ट्रोलिंगचं बटण मिळतं. दाबाल तसे फेरे ५०-५० नं खाली-वर होतात, साधारण ६५० पासून हजारापर्यंत. कॉम्प्युटर इंधन सांभाळत असल्यामुळे इंजिन खोकत नाही. ही सोय असेल तर आधी ती वापरून बघा, पण अपेक्षा बेताची ठेवा. ८०० वरून ६५० म्हणजे पाचवा हिस्साही कमी होत नाही. तीन नॉटचे अडीच होतील, दीड होणार नाही.

गिअर काढ-घाल हा आणखी एक प्रकार: दहा-पंधरा सेकंद गिअरमध्ये, तेवढेच न्यूट्रलमध्ये. जिवंत आमिषाला हे फार छान लागू पडतं, कारण न्यूट्रलमध्ये बांगड्याला श्वास घ्यायला उसंत मिळते. बुडणारी लूर मात्र तेवढ्यात तळाला जाऊन कालवांच्या खडकात अडकते. गिअर टाकताना तो ठाम टाकावा. हळूच, भीत भीत टाकला तर आतले दाते एकमेकांवर घासतात आणि करकर आवाज येतो, तो आवाज म्हणजे झीज. आणि आउटबोर्डला वेगळं सुकाणू नसतं हे विसरू नये. पंख्याचा झोत ज्या दिशेला तिकडेच वळण. न्यूट्रलमध्ये हँडल कितीही फिरवा, होडी वारा नेईल तिकडे जाते.

बादली

आता माझ्या आवडीचा उपाय. रंगाची रिकामी वीस लिटरची बादली, तोंड साधारण ३० सेंटीमीटर. ती दोरीनं बांधून होडीबरोबर ओढली की दोन नॉटला पाण्याचा जवळपास पाच किलोचा ताण घेते. दोन्ही बाजूंना एकेक सोडली तर दहा किलो. दोन नॉटला होडीला स्वतःला लागणारा ढकल याहून फार वेगळा नसतो, त्यामुळे तीन नॉटची होडी दोनच्या आसपास येऊन बसते.

फायदा नुसता वेगाचा नाही. इंजिन आपल्या नेहमीच्या आयडलवर किंवा त्याहून थोडं वर चालतं, प्लग गरम राहतो, पिचकारी जोरात येते, आणि पंख्याचा झोत भरपूर असल्यामुळे होडी वळायला ऐकते. गळा दाबण्याच्या उपायात यातलं एकही मिळत नाही.

बांधण्यात मात्र सगळं आहे. बादलीची मूळ कडी काढून टाकायची, ती दुसऱ्या दिवशीच निसटते. काठाखाली समोरासमोर चार भोकं पाडायची, त्यांतून दहा मिलिमीटरची नायलॉनची दोरी ओवून चार पाय एका कडीत आणायचे, कडीला फिरकी लावायची. फिरकी नसली की बादली गोल फिरत राहते आणि अर्ध्या तासात दोरीला इतके पीळ पडतात की ती गाठीगाठींची होते. तळाला अंगठा जाईल एवढं एक भोक, त्यामुळे बादली पाण्यात स्थिर राहते, गटांगळ्या खात नाही. आणि तळालाच एक वेगळी बारीक दोरी बांधून तिचं टोक होडीत घ्यायचं. बादली वर काढताना ही शेपटाची दोरी ओढली की बादली उलटी होते आणि रिकामी येते. ती नसेल तर वीस लिटर पाणी चालत्या होडीत हातानं उचलून बघा.

जागा कुठली? मागच्या फळीला कधीही नाही. तिथून ती थेट पंख्यापाशी येते आणि मागून लाट आली तर फळी आणखी खाली दाबली जाते, पाणी आत. बादली पुढच्या तिसऱ्या हिश्शात, काठाच्या मजबूत कड्याला बांधावी. दोरीची लांबी मोजूनच घ्यावी: कड्यापासून फळीपर्यंत चार मीटर असतील तर दोरी आणि बादली मिळून तीन मीटर, त्यावर एक वीतही नाही. म्हणजे काहीही झालं तरी ती पंख्यापर्यंत पोचत नाही. दोरी आणि कडं यांच्यामध्ये स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घातला तर लाटेबरोबर बसणारे धक्के तो गिळतो आणि रॉडची टोकं उगाच नाचत नाहीत.

आडवा वारा असेल तर एकच बादली पुरते, वाऱ्याच्या बाजूला, नाळेजवळ. फायबर होडीची नाळ उंच आणि हलकी असते, मंद वेगात वारा ती सतत वळवू बघतो. त्या बाजूची बादली नाळ धरून ठेवते.

ताडपत्रीचा शंकू शिवून घेतला तर आणखी सुटसुटीत. तोंड ६० सेंटीमीटर ठेवलं तर क्षेत्रफळ बादलीच्या चौपट, म्हणजे एक शंकू चार बादल्यांचं काम करतो आणि घडी करून बाकाखाली जातो. तयारही मिळतात. शेपटाच्या टोकाला वितीपेक्षा कमी रुंदीचं तोंड उघडं ठेवायचं, नाहीतर तो डावीकडे-उजवीकडे हिंडतो. बादली मी सुचवतो ती एवढ्यासाठी की ती फुटली तर दुःख होत नाही आणि एरवी तिच्यात मासे ठेवता येतात.

एक नियम बादली आणि शंकू दोघांनाही: पाण्यात असताना थ्रॉटल उघडायचा नाही. दोन नॉटला पाच किलो ओढणारी बादली पंधरा नॉटला वर्गाच्या हिशोबानं अडीचशे किलोच्या वर ओढेल. तोवर ती टिकणार नाहीच. कडं उपटेल, दोरी तुटून मागे उसळेल किंवा होडी एका बाजूला गिरकी घेईल. वर प्लग साफ करायला मिनिटभर थ्रॉटल उघडा म्हटलं, तेही बादल्या आत घेतल्यावर.

बाकीचे प्रकार

पंख्यामागे बिजागरीनं लटकणारी पत्र्याची पाटी मिळते. मंद चालताना ती खाली पाडायची, पंख्याचा झोत तिच्यावर आपटून विखुरतो आणि ढकल कमी होतो. शांत तळ्यावर ठीक आहे. झोत विखुरला की वळणंही गेलं, त्यामुळे जिथे पाण्याला ओढ आहे तिथे ती मला पटत नाही. घाईत पाटी वर न घेता इंजिन पळवलं की ती वाकते, हा तिचा ठरलेला शेवट.

कमी पिचचा पंखा लावता येतो. वरच्याच उदाहरणात १३ ऐवजी ११ पिच घेतला तर मिनिटाचे १३२ मीटर ११२ होतात. फरक कळतो, पण जेमतेम. उलट पूर्ण थ्रॉटलला इंजिन ठरलेल्या फेऱ्यांच्या वर पळू लागतं आणि घरी परतायला वेळ जास्त लागतो. आठ-दहा हॉर्सपॉवरच्या काही इंजिनांचा जोरकस अवतार मिळतो, त्यात गिअर दोनास एकऐवजी जवळपास तीनास एक असतो आणि पंखा मोठा. ते मुळातच मंद आणि दमदार ढकलण्यासाठी केलेलं असतं. नवं इंजिन घ्यायचंच असेल तर हा विचार जरूर करावा.

अमेरिकेत मिनेसोटाकडचे वॉलाय पकडणारे होडी चक्क उलटी चालवतात, रिव्हर्स गिअरमध्ये, सपाट फळी पुढे. ती फळी पाणी अडवते, वेग आपोआप उतरतो आणि हँडल हातात असल्यामुळे होडी हवी तिथे नेता येते. लाट फळीवरून आत येऊ नये म्हणून ते फळीला रबरी पडदे लावतात. आपल्या खाडीच्या तोंडाशी किंवा समुद्रात हा प्रयोग करू नये. आपल्या होड्यांची मागची फळी आखूड असते आणि लाट विचारून येत नाही.

तिकडच्या मोठ्या होड्यांवर शेजारी दुसरं छोटं इंजिन असतंच, सहा ते पंधरा हॉर्सपॉवरचं. मोठं बंद, छोट्यावर ट्रोलिंग. मोठ्याचा पाय पाण्यात सोडून ठेवतात, तो सुकाणूचं काम करतो, आणि एका सळईनं दोन्ही जोडली की मोठ्याच्या चाकावरूनच छोटं वळतं. खर्च सोडला तर हा सर्वांत निर्धोक मार्ग, कारण मोठं इंजिन बंद पडलं तरी घरी यायला एक उरतं. समुद्रात जाणाऱ्याला तेवढ्यासाठीसुद्धा तो परवडावा.

विजेवरची मोटर हा दुसरा मार्ग. १९३४ साली अमेरिकेतल्या फार्गो गावात सुरू झालेली मिन कोटा ही यातली जुनी कंपनी. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या दोन राज्यांवरून तिचं नाव पडलं. आवाज जवळपास शून्य, वेग शून्यापासून हवा तितका, आणि महागड्या मोटरी जीपीएसवर होडी एका जागी धरूनही ठेवतात. पण हिशोब करून घ्यावा. ५५ पौंड जोराची मोटर म्हणजे सुमारे २५ किलो ढकल, आणि पूर्ण जोरावर ती १२ व्होल्टच्या बॅटरीतून ५० अँपिअरच्या आसपास ओढते. १०० अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर दोन तास, प्रत्यक्षात शिशाची असेल तर तासभर, कारण तशी बॅटरी निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते. अर्ध्या जोरावर बराच जास्त वेळ चालते. भांगाच्या दिवशी आतल्या खाडीत उत्तम. उधाणाच्या ओहोटीत खाडीच्या तोंडाकडे ओढले जात असताना तिच्यावर विसंबू नये. खाऱ्या पाण्यासाठी केलेलीच घ्यावी, गोड्या पाण्याची स्वस्तातली एका हंगामात गंजते.

वळताना आणि मासा लागल्यावर

वेग साधला तरी सरळ रेषेत फिरू नये. होडी वळली की बाहेरच्या बाजूची लूर जोरात पळते आणि आतली मंदावते, कधी थांबतेच. म्हणजे एका वळणात तुम्ही दोन वेगळे वेग चाचपता. मासा बाहेरच्या रॉडला लागला तर पुढची फेरी थोडी जोरात घ्या, आतल्याला लागला तर आणखी मंद. नागमोडी फिरण्याचा हाच उपयोग. फक्त बादल्या बाहेर असताना वळण रुंद ठेवा, आतली बादली होडीखाली येता कामा नये.

वारा मागून असेल आणि वेग दोन नॉटचा असेल तर इंजिनाचा धूर मागे न राहता होडीतच घुटमळतो. डोकं जड झालं, मळमळलं की लोक समुद्र लागला समजतात. दिशा बदलून बघावी. मंद ट्रोलिंग तासन्‌तास चालतं, आणि त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासानं कळत नाही.

जिताडा लागला की पहिल्या दोन उड्या तो हमखास मारतो आणि मग कांदळवनाच्या मुळांकडे किंवा कालवं चढलेल्या खांबांकडे पळतो. त्या क्षणी हात थ्रॉटलकडे जातो, तो आवरावा. गरी नीट रुतली आणि तंगूस ताणलेली आहे एवढं बघून इंजिन न्यूट्रल करावं, दुसऱ्या माणसानं शेपटाची दोरी ओढून मासा आहे त्या बाजूची बादली आधी आत घ्यावी, मग दुसरी, आणि मग उरलेले रॉड गुंडाळावेत. बाहेर राहिलेल्या बादलीच्या दोरीत मासा एकदा फिरला की तंगूस तिथेच कापली जाते. एकटेच गेला असाल तर बादली एकच सोडा आणि रॉड तिच्या विरुद्ध बाजूला लावा.